पान एकोणीस ते बावीस

१

विधेयकाची चार पानं गायब आहेत हे मला सकाळी साडेनऊला कळलं, आणि मतदान दुपारी तीनला होतं.

मी केबिनमध्ये गेले तेव्हा सचिव उभे होते. एरवी ते स्वतः बसतात आणि समोरच्याला उभं ठेवतात, त्यामुळे प्रकरण हाताबाहेर गेलंय हे तेवढ्यावरूनच समजलं. टेबलावर वाचनकक्षातून मागवलेली फाइल होती. दीर्घ शुश्रूषा विधेयक, एकूण पाने चौतीस, वाचनप्रत एक.

"एकोणीस ते बावीस," ते म्हणाले. "अठरानंतर एकदम तेवीस. मास्तर आज आठ वाजताच वाचनकक्षात येऊन बसले होते, त्यांनी दाखवलं."

मास्तर म्हणजे यंदा पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता सभागृहात बसतात. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, निम्मे आदराने आणि निम्मे वैतागून.

"म्हणजे परिशिष्ट दोन," मी म्हणाले.

"नेमकं तेच."

परिशिष्ट दोन म्हणजे बंद करायच्या कक्षांची यादी. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे सरकारी कक्ष असतात, त्यांपैकी यादीतले बंद होणार, असं कलम नऊ सांगत होतं. त्यांतल्या रुग्णांना नव्वद दिवसांत घरी न्यायचं, असं कलम बारा सांगत होतं. बाकीचं विधेयक या दोन कलमांभोवती गुंडाळलेला कागद होता.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं अशाच एका कक्षात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. सचिवांना हे ठाऊक होतं. ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कोणी विषय काढत नव्हतं. मीही काढत नव्हते. अलीकडे मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. दात काढायला इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसं काहीसं, फक्त ते गालापुरतं नव्हतं.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

"छापखान्याला प्रत ठेवायची परवानगी नाही. मसुदाकार फोन उचलत नाहीत, बाराला ऑफिसात येतील. बोभाटा नको, बाई. तुम्हीच शोधा. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

"आणि नाही सापडली तर?"

सचिव आता बसले. त्यांनी दुसऱ्या फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला. तो माझाच होता. सव्वीस वर्षं मी या सभागृहासाठी विधेयकांवर अभिप्राय लिहिते. हा एका पानाचा होता, खाली माझी सही.

"नाही सापडली तर याच्यावर मतदान होईल," ते म्हणाले. "तुम्ही स्वच्छ लिहिलंय, 'पूर्ण मसुदा वाचून'."

२

वाचनकक्ष तळमजल्यावर आहे. एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, आणि दाराशी दप्तरीकाका. विधेयकाची प्रत इथेच बसून वाचायची, नक्कल करायची नाही, सचिवांनी मागवल्याशिवाय बाहेर न्यायची नाही. निवृत्तीला सात महिने राहिलेले काका त्या खोलीत माशीलाही सही केल्याशिवाय शिरू देत नाहीत.

"माझ्या हातून गेली असतील तर मी आजच राजीनामा देतो," ते म्हणाले.

"काका, आधी फाइल कशी येते ते सांगा. मला माहीत आहे, पण तरी सांगा."

छापखान्यातून सुटी पानं येतात. काका प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात निळा शिक्का मारतात. मग पानांना दोन भोकं पाडून त्यांतून जाड दोरा ओवतात, मागे गाठ मारतात आणि गाठीवर लाखेची मोहर उठवतात. आवक वहीत पानांची संख्या लिहितात. मग कपाट, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

मी वरून परत आणलेली फाइल उलटी केली. मोहर अखंड होती, तिला केसाएवढीही चीर नव्हती. दोरा एकच होता, कुठे कापून जोडलेला नव्हता. पान फाडलं तर भोकाशी कागदाचा तुकडा राहतो, म्हणून मी अठरा आणि तेवीसच्या मधला सांधा बोटाने पाहिला. काही नव्हतं. एकही तंतू नव्हता.

मग वाचकांची वही उघडली. पाच नोंदी होत्या. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, 'पाने १ ते ३४ वाचली', सही.

पहिली सही माझी. ते साहजिकच होतं, माझा अभिप्राय झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. पंधरा दिवसांपूर्वी, आत ११.१०, बाहेर ११.२५. त्या पहाटे धाकट्याला ताप चढला होता आणि मी कक्षातून तशीच ऑफिसला आले होते. दुसरी सही समितीच्या अध्यक्षबाईंची, बारा मिनिटं. तिसरी आरोग्य खात्याच्या आकडेवाल्यांची, नऊ मिनिटं. चौथी विरोधी बाकांवरच्या दादांची, सहा. पाचव्या नोंदीत आत आठ वाजता एवढंच होतं. मास्तरांनी अजून बाहेरची वेळ लिहिली नव्हती, सहीही केली नव्हती.

चार माणसांनी ही पानं वाचल्याचं लिहून दिलं होतं. दोरा आणि मोहर सांगत होती की पानं काढताच येणार नाहीत. आणि पानं नव्हती.

३

अध्यक्षबाई खोलीत चष्मा पुसत होत्या.

"परिशिष्ट दोन? हो, पाहिलं की. दोन रकान्यांचा तक्ता होता. डावीकडे कक्ष, उजवीकडे खाटा. अगदी सरळ होतं सगळं."

"नावं किती होती?"

"अहो, नावं कोण मोजतंय? आणि तुम्ही वाचलंच होतं की." त्यांनी चष्मा चढवला. "तुमची सही असली की मी निर्धास्त असते. हे तुम्हाला मी तोंडावर सांगते, पाठीमागेही हेच सांगते."

आकडेवाले वरच्या मजल्यावर. विधेयकाने किती खाटा कमी होतील याचा अंदाज त्यांनीच काढला होता, अकराशे चाळीस. त्यांनी माझ्यासाठी खुर्चीवरची फाइलींची चळत उचलून जमिनीवर ठेवली.

"तक्ता नव्हता," ते म्हणाले. "सलग मजकूर होता. बारीक अक्षरात, चारही पानं भरून. डोळे दुखायला लागले."

"मग अकराशे चाळीस हा आकडा त्या यादीवरूनच काढलात?"

"आकडा मला वरून आला," ते म्हणाले. "यादीशी ताडून बघायचं राहिलं. कामाचा रेटा तुम्हाला माहीतच आहे, ताई."

दादा जिन्यात भेटले. सहा वेळा निवडून आलेले, सरकारच्या प्रत्येक विधेयकावर तुटून पडणारे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नकाशा होता," ते हळूच म्हणाले. "ठिपके ठिपके दिलेले. मी त्यावर बोलणारही होतो."

तक्ता, सलग मजकूर आणि नकाशा. तिघांनी एकच पान पाहिलं असेल तर तिघांचे डोळे तपासायला हवे होते. तिघंही मला बरं वाटावं म्हणून बोलत होते आणि वेळ मारून नेत होते, हे स्पष्ट दिसत होतं. एरवी मला अशा वेळी राग येतो, निदान हसू तरी येतं. मी फक्त नोंद केली.

वाचनकक्षात परत आले तर मास्तर पुन्हा येऊन बसले होते. टेबलावर फाइल, शेजारी घरून आणलेला पाण्याचा तांब्या, आणि हातात पट्टी. ओळीखाली पट्टी धरून वाचत होते.

"काय म्हणाले सगळे?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पट्टी खाली ठेवली.

"आणि तुम्ही काय पाहिलंत त्या पानांवर?"

"यादी," मी म्हणाले.

"कशी? तक्ता की मजकूर?"

मी आठवायला गेले. सव्वीस वर्षांतल्या विधेयकांची पानं माझ्या डोळ्यांपुढे येतात, डाग कुठे होता तेसुद्धा सांगते. पण ही चार पानं येईनात. गेले कित्येक महिने बऱ्याच गोष्टी येत नव्हत्या, म्हणून मी तेही त्यातच धरलं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पाढा येत नसलेल्या मुलाकडे बघतात तसं नाही, पाढा येत असून गप्प बसलेल्याकडे बघतात तसं.

४

"मला तुमची पद्धत नीट कळत नाही," ते म्हणाले. "मी नवा आहे. वरच्या कोपऱ्यात हे निळं काय असतं?"

"काकांचा शिक्का. ऑफिसच्या मोजदादीसाठी. वाचणारे खालचा छापील आकडाच बघतात."

"तो आकडा हाताने बदलतात का?"

दाराशी बसलेल्या दप्तरीकाकांना हा प्रश्न झोंबला. त्यांनी उठून खणातून शिक्का आणून टेबलावर ठेवला. "हाताने कसा बदलणार, मास्तर? एकदा दाबला की आकडा आपोआप पुढे जातो. मधला एकही चुकवता येत नाही. म्हणून तर हा शिक्का."

"आणि मारता कधी?"

"पानं आली की लगेच. दोरा ओवण्याच्या आधी."

मास्तरांनी फाइल माझ्याकडे वळवली. अठरावं पान. खाली छापील अठरा, वर निळा अठरा. त्यांनी पान उलटलं. खाली छापील तेवीस होता.

वर निळा एकोणीस होता.

मी शेवटचं पान उघडलं. खाली चौतीस, वर तीस. तोपर्यंत काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काका, आवक वहीत तुम्ही किती पानं लिहिलीत?"

"चौतीस."

"शिक्क्यावरून लिहिलीत?"

ते खुर्चीत बसले. "वेष्टनावर छापलं होतं ना चौतीस. ते उतरवलं. चाळीस वर्षं वेष्टन आणि शिक्का कधी चुकले नाहीत, बाई. कधीच नाही."

म्हणजे चोरी झालीच नव्हती. पानं कपाटातून गेली नव्हती, वाचनकक्षातून गेली नव्हती. शिक्का पडला त्या दिवशीच ती नव्हती. ज्यांनी ज्यांनी ती वाचल्याची सही केली होती त्या प्रत्येकाने नसलेली पानं वाचली होती.

आणि पहिली सही माझी होती.

५

मसुदाकार बाराला आले. आमची ओळख वीस वर्षांची. मी त्यांची विधेयकं वाचते, त्यांच्या चुका काढते, आणि दर नव्या वर्षाला ते मला एक पेन देतात. मी दारात दिसताच ते म्हणाले, "या. उशीर केलात."

"पानं लिहिलीच नव्हती," मी म्हणाले.

"नव्हती. यादी तयार नव्हती. मला फक्त एक आकडा आला, अकराशे चाळीस खाटा. तेवढ्या भरतील असे कक्ष नंतर निवडायचे होते. वरून सांगितलं, चार पानं राखून ठेवा, मंजुरीनंतर घालू. छापखान्याने राखलेल्या पानांचे आकडे सोडून पुढे छापलं. वेष्टनावर चौतीस गेलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"मी नोकर माणूस. लेखी आदेश नव्हता, तोंडी होता. कुणाकडे जाणार?" त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "पण मी घाबरलो नाही. मला वाटलं, पहिल्याच दिवशी बोंब होणार. फाइल आधी तुमच्याकडे जाते. स्वल्पविराम हलला तरी तुम्ही फोन करता. मी दिवसभर फोनपाशी बसलो होतो, खरंच. संध्याकाळी वही बघायला खाली गेलो, तर तुमची सही. एक ते चौतीस."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"मग मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असणार वरून. तुम्हाला चालतंय तर मी कोण?"

अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, तुमची सही असली की निर्धास्त. आकडेवाल्यांनी अध्यक्षबाईंची री ओढली, दादांनी आकडेवाल्यांची. चोर शोधायला मी सकाळपासून जिने चढत-उतरत होते आणि मला शोधायला पाठवलं होतं कारण माझ्यावर कोणी संशय घेणार नव्हतं.

त्या दिवशीचं आता आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे, ते तिथेच होतं, मी त्याच्याकडे बघत नव्हते. अठराव्या पानाच्या तळाशी ओळ होती, 'पुढे परिशिष्ट दोन पाहावे'. हाताला अजून कक्षातल्या औषधाचा वास होता. मला ती यादी बघायची नव्हती. तिच्यात आमच्या कक्षाचं नाव असेल तर मला ते वाचावं लागलं असतं, आणि नसेल तर दुसऱ्या कुणाचं तरी. मी चिमटीत येतील तेवढी पानं धरली, मान वळवली आणि ती एकदम उलटली. मग सही केली. पंधरा मिनिटं.

"मी वाचलं नव्हतं," मी मसुदाकारांना म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. मला अजून काही वाटत नव्हतं.

६

दीड वाजता मी नवा अभिप्राय लिहिला. जुना एक पानाचा होता, हा अर्ध्या पानाचा झाला.

'परिशिष्ट दोन अस्तित्वात नाही. त्यामुळे कलम नऊ आणि बारा कोणाला लागू होतील हे सांगता येत नाही. किती खाटा बंद करायच्या हे ठरलेले आहे, कोणाच्या ते ठरलेले नाही. पूर्ण मसुदा उपलब्ध नसताना या विधेयकाबद्दल एवढेच म्हणता येते. माझा आधीचा अभिप्राय मी मसुदा न वाचता दिला होता. तो रद्द समजावा.'

सचिवांनी तो दोनदा वाचला. "शेवटची दोन वाक्यं काढा," ते म्हणाले. "बाकीचं मी सांभाळून घेतो. पानं छापखान्यात राहिली म्हणू."

"ती काढली तर बाकीच्यांच्या सह्या खऱ्या ठरतात."

"तुमच्यावर कारवाई होईल. शिवाय लोक म्हणतील, भावासाठी केलं."

"म्हणू देत. मी भावासाठीच वाचलं नव्हतं."

मग मी तळमजल्यावर गेले. काकांनी वही पुढे केली. माझ्या नोंदीवर मी एक रेघ मारली, शेजारी 'वाचले नाही' लिहिलं, तारीख घातली. काकांनी आवक वही उघडली, चौतीस खोडलं आणि तीस लिहिलं.

अडीचला अध्यक्षबाई आल्या. कुणी सांगितलं कोण जाणे. वहीतली माझी रेघ त्यांनी बघितली, ओठ घट्ट मिटले आणि आपल्या नोंदीवर रेघ मारली. दहा मिनिटांनी आकडेवाले आले. दादा सगळ्यात शेवटी, आणि नकाशाबद्दल चकार शब्द न काढता. ज्या क्रमाने सह्या झाल्या होत्या त्याच क्रमाने त्या खोडल्या गेल्या. मी काही थोर केलं नव्हतं. या इमारतीत कुणीतरी आधी करावं लागतं, एवढंच.

तीनला मास्तर उभे राहिले. "माझ्याकडे चार पानं नाहीत," त्यांनी सांगितलं. "मी कशावर मत देऊ?" मतदान पुढे ढकललं गेलं. यादी तयार करून आठ दिवसांत सभागृहापुढे ठेवायची आणि हरकतींसाठी पंधरा दिवस द्यायचे असं ठरलं. मला खुलासा मागणारं पत्र संध्याकाळी मिळालं.

त्या पत्रासकट मी कक्षात गेले. धाकट्याचा ताप कधीच उतरला होता. तो खिडकीकडे बघत होता, नऊ वर्षं बघतो तसा. मी त्याची नखं कापली आणि त्याला दिवसभराचं सांगितलं. त्याला किती कळतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आठव्या दिवशी चार पानं आली. काकांनी त्यांवर शिक्का मारला, मोजली, परत मोजली, दोरा ओवला, आणि मला निरोप पाठवला. खुलाशावरचा निर्णय अजून यायचा होता, त्यामुळे पहिला वाचक तूर्त मीच होते.

पान एकोणीस. तो तक्ताच निघाला, अध्यक्षबाईंचा अंदाज बरोबर होता. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. चौथं आमचं. कक्षाचं नाव, मजला, खाटा अठ्ठावीस. त्या अठ्ठाविसांतली एक खिडकीजवळची.

तेव्हा मला दुखलं. नीट, जागच्या जागी, इंजेक्शन उतरल्यावर दुखतं तसं. काकांनी दिवा थोडा जवळ सरकवला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले, कुणी येऊ नये म्हणून.

मी मास्तरांची पट्टी मागवून घेतली आणि पाचवं नाव वाचलं. मग सहावं. एकूण एकेचाळीस कक्ष होते. प्रत्येकापुढच्या खाटा मी बेरजेला घेतल्या, प्रत्येक कक्षाचा मजला पाहिला, आणि हरकतीचे मुद्दे वेगळ्या कागदावर लिहीत गेले. बेरीज अकराशे चाळीस आली नाही. अकराशे बारा आली. अठ्ठावीस खाटा कमी पडत होत्या, म्हणजे अजून एक कक्ष कुणीतरी नंतर घालणार होतं, किंवा आकडा जुळवताना एक कक्ष दोनदा मोजला होता. तो माझा पहिला मुद्दा झाला.

सगळं झाल्यावर वही ओढली. आत ११.१०, बाहेर ४.४०. पाने १ ते ३४ वाचली. सही केली, आणि सहाची भेटीची वेळ गाठायला निघाले.